ठेंगण्या डोंगरांचा मुलूख

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसलेला प्रवासी तुमसर रोड मागे टाकून वैनगंगेच्या पुलावरून पलीकडे उतरला, की पुढचा तासभर त्याच्या नजरेस जे पडते त्यात डोंगराचे नाव नसते; धानाच्या बांध्या, बांध्यांच्या धुऱ्यांवर उभी असलेली झाडे, मधूनच एखाद्या तलावाची लांबलचक पाळ आणि तिच्यावरून चाललेली गुरे, एवढाच देखावा तिरोड्यापासून गोंदियापर्यंत आणि गोंदियापासून आमगावपर्यंत इतक्या संथपणे उलगडत जातो की सह्याद्रीच्या छायेत वाढलेला मनुष्य बहुधा कंटाळून डोळे मिटतो. तो जागा असता तर सालेकसा येता येता क्षितिजावर निळसर रेघ उमटलेली, दरेकसा येईतो ती रेघ जवळ येऊन तिचे झाडीने भरलेले डोंगर झालेले, आणि जी गाडी आतापर्यंत सरळ रेषेत धावत होती ती वळणे घेत घेत बोगद्यात शिरलेली त्याला दिसली असती. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वेचे मीटरगेज रूळ आणि त्यानंतर, १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेचे रुंद रूळ ज्या इंजिनियरांनी या भागातून नेले, त्यांना येथे डोंगर आहेत की नाहीत याविषयी शंका राहिली नसावी. शंका राहिली ती आपणा मराठी वाचकांना, आणि तिचे निरसन करण्यासाठीच प्रस्तुत पुस्तक लिहिले गेले आहे.

पुस्तकाचे लेखक हे माझे स्नेही असून त्यांनी आयुष्याची बत्तीस वर्षे या जिल्ह्यात पटवारगिरी केली. सरकारी भाषेत या पदाला तलाठी म्हणत हे मला ठाऊक आहे. पण आमच्या झाडीपट्टीत लोकांच्या तोंडून पटवारी हा शब्द अद्यापि गेलेला नाही, आणि लेखकालाही तोच प्रिय आहे. प्रस्तावनेत आपले नाव घेऊ नये, अशी अट त्यांनी मला घातली. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव छापायला ज्यांची हरकत नाही त्यांना प्रस्तावनेतल्या नावाचे वावडे का असावे हे मला उमगलेले नाही. तथापि अट मी पाळतो.

मी स्वतः भूगोलाचा शिक्षक. प्रतिवर्षी सहावी-सातवीच्या वर्गात महाराष्ट्राची प्राकृतिक रचना शिकवताना सह्याद्री, त्याच्या पूर्वेकडे गेलेल्या शंभू महादेव, हरिश्चंद्र-बालाघाट आणि सातमाळा या रांगा, आणि उत्तरेचा सातपुडा असे सांगून झाले, की भिंतीवरच्या नकाशाच्या अगदी उजव्या टोकाला, जेथे आमचा जिल्हा आहे, तेथे माझी छडी पोहोचेपर्यंत तास संपत आलेला असे. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने उठून विचारले, "गुरुजी, आपल्याकडं पहाड नाही का?" तो मुलगा चिचगडकडचा होता, त्याच्या घराच्या अंगणातून पहाड दिसत होता. त्याचा प्रश्न अज्ञानातून आलेला नसून, डोळ्यांना दिसणारी वस्तू पुस्तकात का नाही, या न्याय्य तक्रारीतून आलेला होता. आणि मी त्याला जे उत्तर दिले, की आपल्याकडे आहेत त्या टेकड्या, त्याची मला आज लाज वाटते.

कारण डोंगर कशाला म्हणावे याचा निवाडा आपण नकळत सह्याद्रीच्या कोर्टात नेऊन ठेवला आहे. मराठी वाङ्मयातला डोंगर म्हणजे कडा, घाट, खिंड आणि गड. त्याच्यावर तट असावा, तटाला बुरूज असावा, आणि बुरुजावरून खाली पाहिले तर डोळे फिरावेत. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातही एक प्रतापगड आहे; डोंगर आहे, त्यावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते, आणि त्याच डोंगराच्या आश्रयाने ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा असल्याने उरूसही भरतो. परंतु प्रतापगड हे नाव पुण्या-साताऱ्याकडच्या मनुष्याजवळ उच्चारले, की त्याच्या मनात १६५९ साल आणि अफझलखान एवढे उभे राहतात, आणि आमचा प्रतापगड हा जणू त्या नावावर परस्पर हक्क सांगणारा तोतया ठरतो.

उंचीच्या हिशेबाने पाहिले तर आमची बाजू दुबळी आहे हे कबूल केले पाहिजे. गोंदिया शहर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरवर वसले आहे आणि जिल्ह्यातले डोंगर त्या पातळीच्या वर काही शे मीटरच चढतात. कळसूबाईच्या १,६४६ मीटरांपुढे हा आकडा उच्चारण्यातही संकोच वाटावा. पण येथे मला वाचकाला थोडे दूर, हिंदी महासागराच्या पलीकडे न्यावेसे वाटते. ऑस्ट्रेलिया हा सबंध खंड सर्व खंडांत सर्वांत सखल आहे; त्याची सरासरी उंची सुमारे ३३० मीटर भरते, म्हणजे जवळजवळ आमच्या गोंदिया स्टेशनाइतकी. त्याच्या मुख्य भूमीवरचे सर्वोच्च शिखर, कोसिअस्को, ज्याला १८४० साली स्त्रझेलेत्स्की नामक पोलिश प्रवाशाने आपल्या देशाच्या एका स्वातंत्र्यवीराचे नाव दिले, ते २,२२८ मीटरांवरच थांबते. ज्या उलुरू नावाच्या तांबड्या खडकाचे दर्शन घेण्यासाठी जगभरचे लोक वाळवंट तुडवत जातात, तो सभोवारच्या जमिनीपासून ३४८ मीटर उंच आहे. तरीही कोणी ऑस्ट्रेलियन मास्तर आपल्या विद्यार्थ्याला, आपल्याकडे पर्वत नाहीत, असे सांगत असेल असे मला वाटत नाही. ते असे सांगत असतील की आपली भूमी फार वृद्ध आहे, आणि वृद्धांची उंची कमी होत जाते.

हेच आमच्या जिल्ह्याविषयीही सांगता आले असते, आणि अधिक अधिकाराने. सह्याद्री ज्या काळ्या खडकाचा झाला तो ज्वालामुखीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. महाराष्ट्राचा बहुतांश भाग त्याच लाव्ह्याच्या थरांखाली दबलेला आहे. नागपूरच्या पूर्वेला ते आच्छादन संपते, आणि त्याच्या खाली जे काही होते ते उघडे पडते. भूगर्भशास्त्रज्ञ ज्याला बस्तर क्रेटॉन म्हणतात, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा जो अतिप्राचीन आणि अचल असा तुकडा, त्याच्या पश्चिमेच्या बाजूवर आमचा जिल्हा उभा आहे. या भागातल्या सर्वांत तळच्या पट्टेदार खडकाला शास्त्राने नावच दिले आहे ते आमगावचे: आमगाव नाइस. ज्या आमगावला गाडी दोन मिनिटे थांबते आणि जेथे उतरणाऱ्याला विशेष असे काही दिसत नाही, त्या गावाचे नाव भूविज्ञानाच्या ग्रंथांत अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या खडकासाठी रूढ व्हावे, ही गोष्ट जिल्ह्यातल्या एखाद्या तरी शाळेच्या भिंतीवर लिहिलेली मला पाहायला मिळावी अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

त्या तळखडकावर पुढे काय काय घडले हे पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात आले असल्याने मी ते विस्ताराने सांगत नाही. एवढेच सांगतो की सालेकसा-दरेकसा परिसरात सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी अग्निजन्य उत्पाताचे एक प्रचंड पर्व होऊन गेले, त्यातून रायोलाइट नावाचा कठीण, फिकट लालसर खडक जागोजाग साचला, आणि डोंगरगडच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शिलासमूहाचा क्रम एस. एन. सरकार यांनी १९५७-५८ च्या सुमारास आपल्या अभ्यासातून मांडला. त्या काळी पृथ्वीवर झाड नव्हते, गवत नव्हते, प्राणी म्हणावा असा जीव नव्हता. ज्या डोंगराच्या उतारावर आज मोहाची फुले वेचायला पहाटे बायका जातात, तो डोंगर आपल्या आयुष्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक काळ झाडावाचून उभा होता. पाऊस पडत होता, खडक झिजत होता, आणि कोणी पाहत नव्हते. आज जे उरले आहे ते त्या झिजीतून कठीणपणाच्या बळावर टिकलेले शेष आहे. हिमालय पाच कोटी वर्षांचा. तो अजून वाढतो आहे. आमचे डोंगर केव्हाच वाढायचे थांबले.

आता एका नावाची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्यावाचून हे पुस्तक कशासाठी आहे ते कळणार नाही. १८७२ साली मेडलिकॉट नावाच्या भूगर्भवेत्त्याने मध्य हिंदुस्थानातल्या कोळसा धारण करणाऱ्या खडकांच्या एका मोठ्या समूहाला गोंडवाना हे नाव योजले, १८७६ मध्ये फाइस्टमांटेलने ते छापील वाङ्मयात आणले, आणि १८८५ साली व्हिएन्नाच्या एदुआर्द स्यूस याने त्याच नावावरून एका लुप्त महाखंडाला गोंडवाना-भूमी म्हटले. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका हे एके काळी जोडलेले असून त्यांच्या खडकांत त्याच त्या वनस्पतींचे ठसे सापडतात, हे आज शाळकरी पोरालाही माहीत आहे. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलिया आणि भारत यांची ताटातूट झाली. म्हणजे मी वर ज्या दोन भूमींची तुलना केली ती निव्वळ उपमेसाठी केलेली नव्हती. त्या दोन्ही एकाच वाड्याच्या दोन खणांसारख्या होत्या, आणि त्या वाड्यावर जी पाटी आहे ती गोंडांच्या नावाची आहे.

गंमत अशी की कोळसा असलेले जे खडक शास्त्रात गोंडवाना म्हणून प्रसिद्ध आहेत ते आमच्या डोंगरांत नाहीत; ते चंद्रपूर-वणीकडे आहेत. आमचे खडक त्यांच्याहून कितीतरी पटींनी जुने. आणि गोंदिया शहराच्या नावाचा उगम विचाराल तर तो गोंडांपेक्षा गोंदाशी, म्हणजे डिंकाशी आहे, असे येथले जुने लोक सांगतात. तेव्हा नावांवरून फार मोठे मनोरे उभारू नयेत. परंतु ज्या जमातीचे नाव पाच खंडांच्या पूर्वजाला लाभले ती जमात आपली उत्पत्ती कोठून सांगते, हा प्रश्न मात्र नावांच्या खेळापलीकडचा आहे, आणि त्याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यातल्या एका डोंगरात आहे.

सालेकसा तालुक्यात दरेकशाजवळ धनेगाव आहे. धनेगावाहून पायवाटेने झाडीतून चढत गेले की कचारगडची गुहा लागते. आत शिरलेल्या मनुष्याला प्रथम अंधार, मग गारवा, आणि मग आपल्या आवाजाचा आकार कळतो. वरच्या बाजूस छताला एक भोक आहे. त्यातून पडणारा उजेड दगडावर उतरलेला दिसतो. आशियातली सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा ती हीच, असे वाटाडे छातीवर हात ठेवून सांगतात. मोजमापाची दप्तरे कोणी तपासली असतील असे मला वाटत नाही, आणि तपासण्याची गरज आहे असेही वाटत नाही. कोयापुनेम हा गोंडी धर्म मानणाऱ्यांच्या कथेप्रमाणे गोंडांच्या देवांना, ती लेकरे असताना, या गुहेत कोंडून तोंडावर शिळा लावली होती. त्यांची दया जंगो रायताडला आली, पारी कुपार लिंगोने त्यांची सुटका आरंभली, आणि हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताच्या बळावर ती शिळा हलली. लेकरे सुटली, परंतु शिळेखाली सापडून पाटालीर गेला. गाणाऱ्यागणिक कथेचे तपशील बदलतात आणि बदलावेत. पण वादकाचा मृत्यू कोणी गाळत नाही. माघी पौर्णिमेला मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा येथून लाखो माणसे येथे येतात, पिवळे फेटे आणि पिवळे झेंडे दरेकशाच्या वाटेवर दिसू लागतात, आणि 'जय सेवा' म्हणून परस्परांना अभिवादन होते. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या स्थळाची परंपरा लिहून ठेवली नसती तर आपणा बिगरगोंड मराठी वाचकांच्या कानी हे नाव आले असते की नाही याची मला शंका आहे.

उलुरूचे सांगत होतो. तो खडक तेथल्या अनंगू लोकांना पवित्र. त्यांनी पर्यटकांना, वर चढू नका, अशी विनंती वर्षानुवर्षे केली आणि पर्यटक वर्षानुवर्षे चढत राहिले. १९८५ मध्ये त्या जागेची मालकी त्यांना परत मिळाली. चढण्यावर बंदी यायला २०१९ साल उजाडले. कचारगडाला अशी बंदी नाही, नसावी. पण तेथे येणाऱ्या शहरी मंडळींनी चपला बाहेर काढण्याइतका आणि गुहेत आरोळ्या न ठोकण्याइतका विवेक दाखवायला हरकत नाही.

गोंडीत डोंगराला मेट्टा म्हणतात. हा शब्द मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो, आणि तोही याच पुस्तकाच्या हस्तलिखितातून. झाडीबोलीत पहाड, पहाडी आणि टेकडी असे तिन्ही शब्द चालतात. डोंगर हा शब्द खेड्यातला मनुष्य क्वचितच वापरतो. लेखकाने ही जाण ठेवून प्रत्येक स्थळाचे नाव तेथला रहिवासी जसे उच्चारतो तसेच लिहिले आहे, आणि सर्वेच्या नकाशावर ते निराळे असल्यास तसे नमूद केले आहे. पटवाऱ्याच्या हाताला असलेली ही सवय साहित्यिकांनी उचलण्यासारखी आहे.

पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग मात्र माझ्या मते डोंगर आणि तलाव यांच्या संबंधाचा आहे, आणि येथे लेखकाची बत्तीस वर्षे खऱ्या अर्थाने कामी आली आहेत. भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख, हे वाक्य इतक्या वेळा छापले गेले आहे की ते वाचून कोणी विचार करीत नाही की तलाव येथेच का. सह्याद्रीतल्या नदीला अडवायचे तर कोयनेसारखी १०३ मीटर उंचीची भिंत लागते, कारण तिथली दरी खोल, उतार कडक. आमच्या येथे डोंगर ठेंगणे, त्यांचे उतार सौम्य, दोन रांगांमधला खोलगट भाग परातीसारखा पसरट, आणि खाली तो अडीचशे कोटी वर्षांचा खडक, जो पाणी फारसे पोटात घेत नाही. वर्षाला तेराशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो पहाडांवरून वाहून खाली येतो. अशा ठिकाणी दोन टेकड्यांमधल्या खिंडीत दोन-चार पुरुष उंचीची मातीची पाळ घातली, की मैलभर पाणी उभे राहते. म्हणजे ज्या ठेंगणेपणाची आम्हांला लाज वाटावी असे सह्याद्रीचा न्याय सांगतो, तो ठेंगणेपणाच येथल्या धानाचा धनी आहे.

हे गुपित ओळखणारे लोक म्हणजे कोहळी. काशीच्या यात्रेला गेलेल्या एका गोंड राजाने त्यांचे पाणी अडवण्याचे कसब पाहून त्यांना इकडे आणले, अशी आख्यायिका आहे; आणि जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली येणारी जमीन सनदेने मिळावी, असा रिवाज होता असे जुनी दप्तरे सांगतात. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने नवेगावचा बांध घातला. आज त्या तलावाचा विस्तार सुमारे अकरा चौरस किलोमीटर असून तो पाहिला असता हे माणसाचे काम आहे यावर प्रथमदर्शनी विश्वास बसत नाही, कारण सभोवार डोंगरच डोंगर आहेत आणि माणसाने घातलेली पाळ त्या डोंगरांमधल्या फटींपुरतीच आहे. त्या शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात. कोलू पाटलाला बांध घालण्याच्या कामी या सात बहिणींनी हात दिला, अशी कथा आहे. आणि कोलू पाटीलच पुढे कोलासुर देव होऊन त्यांतल्याच एका टेकडीवर जाऊन बसला. मला ही कथा स्थापत्यशास्त्राच्या कोणत्याही अहवालाइतकी अचूक वाटते. बांधाचे बहुतेक काम खरोखर डोंगरांनीच केले होते. कोलूने त्यांच्यात राहिलेल्या जागा भरल्या, आणि श्रेय वाटून घेतले.

लेखकाने तलावाचे सगळे अवयव त्यांच्या गावठी नावांनिशी दिले आहेत: पाळ, पाणी सोडण्याचे तुडुम, जादा पाणी वाहून जाण्याचा सलंग, सलंगाखालून पुढच्या तलावाकडे जाणारा पाट, आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांध्यांपुरती असलेली बोडी. वरच्या तलावाचा सलंग वाहिला की खालचा भरू लागतो, खालचा भरला की त्याच्या खालचा. रोवणीच्या दिवसांत पाऊस आठ दिवस दडला तर कोणाचे तुडुम केव्हा उघडावे याच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रिवाजांच्या दप्तरात, लिहिलेल्या असत. डोंगरावरून सरपण, बांबू, गवत, मुरूम किती आणि कोणी आणावे याचा निस्तारही त्यातच. मालगुजाराचा जाच होता, बेगार होती, त्या काळाचे गोडवे गाण्याचे लेखकाने टाळले आहे हे योग्यच. परंतु १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारजमा झाले, पाळीवर दर उन्हाळ्यात माती टाकण्याची रीत मोडली, आणि दप्तरात 'माजी मालगुजारी तलाव' अशी जी नोंद झाली तिचे लोकांनी 'मामा तलाव' करून टाकले. मामा म्हणून कोणी त्याचे लाड केले असे मात्र दिसले नाही. गाळ साचत गेला. काठ नांगराखाली आले.

डोंगराची सरकारी हालत तर आणखी चमत्कारिक. जमाबंदीच्या दृष्टीने ज्या जमिनीचा आकार बसत नाही ती जमीन जणू नाहीच. म्हणून वर्षानुवर्षे पहाडाच्या पायथ्याचे क्षेत्र कोठे पड, कोठे गायरान, आणि विदर्भापुरती खास असलेली ती नोंद, 'झुडपी जंगल', अशा सदरांत विखुरले गेले. झुडपी जंगल हे जंगल की झुडूप, यावर खात्यांखात्यांत कित्येक दशके खल चालला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वनच समजावे असा निर्णय दिला. लेखक सेवेत असता त्यांनी एका मौजाच्या पहाडावरची अशी नोंद दुरुस्त करण्यासाठी सात अर्ज केले आणि सातही अर्जांवर 'पाहून कळविण्यात येईल' असा शेरा आला. कोणत्या कार्यालयातून, हे त्यांनी लिहिलेले नाही, मीही विचारले नाही.

वन्य प्राण्यांविषयी मी थोडक्यात उरकतो, कारण त्या बाबतीत हा जिल्हा मराठी साहित्यात अगोदरच भाग्यवान ठरलेला आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यावर पुस्तक लिहिले. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला राहिले आणि तिथले दिवस त्यांनी शब्दांत ठेवले. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान, आणि २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. या दोन लेखकांनी वाघ, पाखरे आणि पाणी यांना जो न्याय दिला तोच, ज्या गायखुरीच्या रांगेत नागझिरा आहे तिला मिळाला असता तर हे पुस्तक कदाचित लिहावे लागले नसते. चुलबंद नदी याच रांगेत उगम पावते, एवढी गोष्टसुद्धा मी शिकवलेल्या पाठ्यपुस्तकांत कधी नव्हती.

परत प्रतापगडाकडे येतो. या डोंगराच्या शेजारी, गोठणगावच्या बाजूस, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची एक वसाहत आहे. नॉर्ग्येलिंग तिचे नाव. पुस्तकातले प्रतापगडाचे प्रकरण वाचताना मला एकाएकी जाणवले की या दोन वस्तूंचे शेजार किती विलक्षण आहे. गोंडांचे नाव धारण करणाऱ्या महाखंडापासून सुटलेला आपला भूभाग उत्तरेकडे सरकत गेला, आशियाला जाऊन भिडला, आणि त्या भिडण्यातून तिबेटचे पठार उचलले गेले. त्या पठारावर, जगातल्या सर्वांत उंच भूमीवर, जे लोक शतकानुशतके नांदले त्यांच्यातली काही कुटुंबे अखेर देशोधडीला लागून या अतिप्राचीन, झिजलेल्या डोंगराच्या पायथ्याशी, धानाच्या बांध्यांच्या कडेला, येऊन वसली. मेच्या उन्हात येथले तपमान पंचेचाळीस अंशांवर जाते. तेथल्या एका वृद्ध गृहस्थांना, येथले डोंगर तुम्हांला कसे वाटतात, असे लेखकाने विचारले असता त्यांनी हसून, "छान आहेत, चढता येतात," असे उत्तर दिले. पुस्तकातली ही नोंद दोन ओळींचीच आहे. मला ती फार आवडली.

दोष दाखवल्यावाचून प्रस्तावना लिहिणे म्हणजे वाचकाशी अप्रामाणिकपणा होय. देवरी तालुक्याचे प्रकरण तोकडे झाले आहे. चिचगडच्या बाजूचे पहाड, जेथून बाघ नदीला पाणी मिळते आणि जेथून माझ्या वर्गातला तो मुलगा आला होता, त्यांना सारी सहा पाने मिळाली आहेत, तर नवेगावला एकेचाळीस. लेखकाचे उत्तर असे की त्या भागात त्यांची बदली दोनच वर्षे होती. ते मान्य केले तरी दुसऱ्या आवृत्तीत ही उणीव भरून काढावी, आणि त्यासाठी एक हिवाळा तिकडे काढावा, असे मी त्यांना बजावून ठेवले आहे. कोष्टकांत उंचीचे आकडे तीन ठिकाणी तीन प्रकारचे पडले आहेत. त्यांपैकी पाचव्या परिशिष्टातले ग्राह्य धरावेत. आणि लेखकाला जेथे जेथे उत्साह आवरला नाही तेथे तेथे त्यांची वाक्ये जमाबंदीच्या रकान्यांसारखी लांबली आहेत. पण तो दोष या प्रस्तावनेच्या लेखकाने दाखवणे शोभणार नाही.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून निघून हा जिल्हा स्वतंत्र झाला. त्यापूर्वीचे जे काही लिहिले गेले ते, १९०८ च्या रसेलसाहेबांच्या गॅझेटियरपासून, भंडाऱ्याच्या नावाखाली आहे. गोंदियाच्या डोंगरांवर मराठीत लिहिलेले स्वतंत्र पुस्तक माझ्या पाहण्यात हे पहिलेच. वाचकाने ते घरी बसून वाचावे, आणि मग हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी पॅसेंजर पकडून दरेकशाला उतरावे. गाडी थोडा वेळ थांबते. पिण्याचे पाणी बरोबर असू द्यावे. धनेगावापर्यंतच्या वाटेवर ते मिळेलच याचा भरवसा नाही.